बेळगावातील प्रवेश मार्गदर्शन केंद्र: पर्याय भरण्यात तरबेज, गुणांच्या तुलनेत कच्चे

मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी आम्ही टिळकवाडीतील एका खासगी मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. मुलगी खानापूरच्या मराठी शाळेतून दहावी झालेली, पुढे बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स. तिने केसीईटी (कर्नाटक सरकारची), कॉमेडके (कर्नाटकातील खासगी कॉलेजांची), जेईई मेन (देशपातळीवरची) आणि एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची) या चारही प्रवेश परीक्षा दिल्या होत्या. त्यामुळे कोणते कॉलेज कोणत्या परीक्षेचे गुण कसे धरते, हे नीट उलगडून सांगणारा माणूस आम्हाला हवा होता आणि शुल्क आम्ही त्यासाठीच भरले.

केसीईटीच्या बाबतीत केंद्राचे काम चोख होते. ही परीक्षा भौतिक, रसायन आणि गणित मिळून 180 गुणांची असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि अभियांत्रिकीची रँक ठरवताना या गुणांना निम्मे व बारावीच्या त्याच तीन विषयांना निम्मे वजन असते. तेथील सरांनी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड करून दाखवली. मुलीला पीयूसीला तीन विषयांत 300 पैकी 291, म्हणजे 97 टक्के, आणि सीईटीत 72, म्हणजे 40 टक्के होते. सरासरी आली 68.5. तिच्या मैत्रिणीचे पीयूसीचे गुण 240, पण सीईटीत 108. तिची सरासरी 70. पीयूसीत 51 गुणांनी मागे असलेली मुलगी रँकमध्ये पुढे कशी जाते, हे मला त्या दिवशी कळले. 2021 मध्ये पीयूसीची परीक्षाच न झाल्याने त्या वर्षी रँक फक्त सीईटीवर लावली होती, याची आठवणही सरांनी करून दिली. कॉमेडकेत मात्र बारावीचे गुण पात्रतेपुरतेच पाहतात आणि रँक केवळ परीक्षेवर लागते, हेही त्यांनी नीट सांगितले. तिथली फी किती जास्त असते, हे आम्हाला सांगावे लागले नाही.

गडबड झाली ती पुढच्या तक्त्यात. भिंतीवर लावलेल्या त्या छापील तक्त्यात चारही परीक्षांचे आकडे ‘टक्के’ या एकाच रकान्यात बसवले होते आणि आमच्या फाइलमध्येही तसेच उतरले: केसीईटी 68.5, जेईई मेन 81, एमएचटी-सीईटी 88. यावरून निष्कर्ष असा काढला की मुलगी कर्नाटकात कमकुवत आणि बाकी ठिकाणी भक्कम. मुलगीच म्हणाली, “बाबा, शेवटचे दोन आकडे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत.” एमएचटी-सीईटीत 88 पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरातल्या 88 जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण मिळाले, एवढाच. 200 पैकी 176 गुण मिळाले, असा तो नव्हे. जेईईला बसणारे विद्यार्थी वेगळे, तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. त्या 81 ची 88 शी तुलना करणे म्हणजे शेर आणि हात एकाच मापाने मोजणे.

दुसरी चूक सीमाभागातल्या केंद्राकडून तरी अपेक्षित नव्हती. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी ‘ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी रहिवासाचा व मातृभाषेचा असे दाखले लागतात. केंद्राने आम्हाला सरळ परराज्यातले ठरवून अखिल भारतीय जागांच्या यादीत टाकले, जिथे आधी जेईईचे गुण पाहिले जातात. म्हणजे तिचा एमएचटी-सीईटीचा निकाल जवळजवळ बिनकामाचा झाला असता. गंमत म्हणजे कर्नाटकाच्या प्रवेशातील ‘गडिनाडू कन्नडिग’ ही तरतूद, म्हणजे सीमेपलीकडच्या कन्नड भाषिकांसाठीची सोय, त्यांना तोंडपाठ होती. शाळेचा दाखला काढायला आम्हीच खानापूरला दोन हेलपाटे घातले.

पर्याय भरण्याच्या कामात मात्र नाव ठेवायला जागा नाही. कॉलेजांचा क्रम लावताना त्यांनी अडीच तास दिले, आम्ही तीनदा मत बदलले तरी ते वैतागले नाहीत आणि कन्नडमधल्या सूचना मुलीच्या आईला मराठीत समजावून सांगितल्या. चूक दाखवल्यावर आमची फाइल दुरुस्त झाली, शुल्काचा एक भागही परत मिळाला. केवळ केसीईटीचे पर्याय भरायचे असतील तर मी इथे पुन्हा जाईन. महाराष्ट्रातही अर्ज करायचा असेल, तर निकालपत्रावरचा आकडा टक्के आहे की पर्सेंटाइल, हे घरीच तपासून आणि दाखले हातात घेऊन जावे. महिनाभराने गेलो तेव्हा तो छापील तक्ता भिंतीवर तसाच होता.