रोजच्या घरगुती फोटोंसाठी फोन की खिशातला छोटा कॅमेरा?

लग्नाचे, ट्रिपचे, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हे नाहीये. सकाळचा चहा, ओट्याशी उभी असलेली आई, शाळेचे मोजे शोधणारी मुलगी, गॅलरीत वाळत घातलेले पापड, असलं रोजचं ज्यांना वर्षानुवर्षं जपून ठेवायचंय आणि त्यासाठी वेगळा कॅमेरा घ्यावा की आहे त्या फोनवरच भागवावं असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही वापरतो. फोन चारचौघांसारखाच, आणि कॅमेरा म्हणजे रिकोचा जीआर थ्री, 2019 मध्ये आलेला, झूम नाही, फिक्स 28 एमएमच्या तोडीची लेन्स (हा आकडा जितका लहान तितकं फोटोत जास्त मावतं), बॅटरी आणि कार्ड धरून 257 ग्रॅम, पॅन्टच्या खिशात आरामात जातो.

आधी फोनच्या बाजूने बोलतो, ती बाजू खरंच मजबूत आहे. पहिलं म्हणजे आवाज. आजी भाजी निवडता निवडता एखादी ओवी म्हणायला लागली तर तिथे फोटो पुरतच नाही, फोन काढून व्हिडिओ सुरू करायचा. जीआर थ्रीचा व्हिडिओ फुल एचडीवर थांबतो आणि तो कॅमेरा त्या कामासाठी बनवलेलाच नाहीये. दुसरं, धूळ आणि पाणी. जेजुरीला भंडारा उधळत असताना, होळीला, धो धो पावसात आयपी 68 वाला फोन बिनधास्त बाहेर काढता येतो, ह्या कॅमेऱ्याला सीलिंग नाही आणि सुरू केला की लेन्स बाहेर येते, त्यामुळे अशा जागी मी तो नेतच नाही. आणि तिसरं, फॅमिली ग्रुपवर फोटो लगेच हवा असतो, कॅमेऱ्यातून फोनवर घ्यायचं म्हणजे ब्लूटूथ, वायफाय, ॲप, तोपर्यंत मावशीचे दोन मेसेज येऊन जातात.

एवढं सगळं असूनही घरात मी फोनने फोटो काढणं जवळजवळ बंद केलंय, त्याला कारण एकच.

आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. सकाळी त्या खिडकीतून उजेड ओट्यावर पडतो, आईचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, मागे मांडणीवरच्या डब्यांच्या कडा तेवढ्या चमकतात, बाकी अंधार. फोनने फोटो काढला की हे सगळं जातं. फोन एक फोटो काढतच नाही, पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो आणि सावल्या वर उचलतो, म्हणजे खिडकी पण नीट, चेहरा पण नीट, डबे पण नीट, सगळं सारखंच उजळ. 2018 मध्ये गुगलच्या पिक्सेल थ्री फोनवर नाइट साइट आलं, 2019 मध्ये आयफोन 11 ला नाइट मोड आला, तेव्हापासून अंधारातले फोटो फोन फारच छान काढतात हे मान्यच आहे, गडावर मुक्काम असला की मीही तेच वापरतो. पण आमच्या स्वयंपाकघरातला अंधार हा त्या स्वयंपाकघराचाच भाग आहे ना. देवघरात तर अजून वाईट वाटतं, आई संध्याकाळी ट्यूब बंद करून समई लावते, आणि फोटोत भिंती उजळून समईचा पिवळा उजेड पांढरट झालेला असतो, ट्यूब बंद होती हे फोटो बघून कळणारच नाही. मुलगी मोठी झाल्यावर हे फोटो बघेल तेव्हा तिला आपलं घर जसं होतं तसं दिसावं एवढंच मला पाहिजे.

ह्यावर कुणी म्हणेल की फोनवर पण एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, खाली ओढता येतं, रॉ मध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो, काढता येतं. येतं, आणि ज्यांना तेवढा धीर आहे त्यांनी जरूर करावं, त्यांना कदाचित कॅमेऱ्याची गरजच पडणार नाही. मला जमत नाही कारण घरातला क्षण स्लायडर ओढेपर्यंत थांबत नाही. कॅमेऱ्यात एक्सपोजर मायनस 0.7 वर ठेवून ते सेटिंग डायलवरच्या यू-वनला, म्हणजे आपली सेटिंग ठेवायच्या जागी, सेव्ह करून टाकलंय, बटण दाबलं की एकच फ्रेम, सावली सावलीच्या जागी. कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 ला नेला की दाणे दिसतात, पण 4 बाय 6 च्या कॉप्या काढतो त्यात ते मला कधी खुपले नाहीत.

दुसरी गोष्ट लहान मुलांच्या आईवडिलांना लगेच पटेल. फोन वर धरला की पोरगी खेळ सोडून फोनच मागायला येते. कॅमेऱ्याचं तिला काही नाही, शटरचा आवाजही जेमतेम येतो. शिवाय ह्यात स्नॅप फोकस आहे, अंतर आधीच 2 मीटर लावून ठेवायचं, एफ 5.6 ला (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा) साधारण सव्वा मीटर ते 6 मीटरपर्यंत सगळं शार्प येतं, म्हणजे आपली अख्खी बैठकीची खोली. बटण एकदम पूर्ण दाबायचं, फोकस शोधण्यात वेळ जात नाही. जपानी फोटोग्राफर दाइदो मोरियामा रस्त्यावर इतकी वर्षं जीआरच का वापरतात ते मला घरात पळणाऱ्या मुलीमागे फिरताना कळलं.

उणं काय ते पण सांगतो. बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने 200 फोटोंची आहे, दुसरी घ्यावीच लागते. फ्लॅश नाही, 2015 च्या जीआर टू मध्ये होता तो ह्यात काढून टाकला. आणि किंमत बघता हे पैसे फोनवर आधीच खर्च झालेत असं घरचे म्हणणार, ते चूक नाहीये. फुजीचा एक्स 100 सिक्स पण चांगलाच, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) पाहिजे असेल तर तोच बघा, पण तो खिशात मावत नाही आणि पिशवीतून काढायचा कॅमेरा घरात वापरला जात नाही असं आपलं माझं मत.

फोटो ठेवायचं दोन्हीकडे सारखंच करावं लागतं. गुगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट स्टोरेज 1 जून 2021 ला संपलं, आता 15 जीबी, त्यातही मेल. कॅमेऱ्याचा फायदा इतकाच की कार्डवर स्क्रीनशॉट आणि गुड मॉर्निंगची फुलं नसतात, निवडायला बसलं की आपलं घरच समोर येतं.

पैसे टाकायच्या आधी एक करून बघा. दिवेलागणीला घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत फोनने फोटो काढा आणि तिथेच उभं राहून फोटो आणि खोली ताडून बघा. जे दिसतं ते तुम्हाला आवडलं तर फोन पुरे, खरंच पुरे. नाही आवडलं तर मग प्रश्न फक्त 28 की 40 चा उरतो. खोल्या लहान असतील तर जीआर थ्रीचं 28 घ्या, मुख्यतः माणसांचे चेहरे, ताटावर बसलेली मंडळी असं काढायचं असेल तर 2021 चा थ्री एक्स, त्याला 40 एमएम आहे. 2025 ला जीआर फोर आलाय, 28 चाच, आतच 53 जीबी मेमरी आहे, पण नुसत्या घरासाठी सेकंडहँड थ्री चांगल्या स्थितीत मिळाला तर मी अजूनही तोच घेईन.