सान हुआन: मुक्काम तटाच्या आत करावा की बाहेर?

न्यू जर्सीत जानेवारी उजाडला की आमच्या मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: व्हिसा स्टॅम्पिंगचं लचांड मागे न लावून घेता चार दिवस ऊन कुठे मिळेल? उत्तर बहुतेकदा पोर्तो रिको असतं. न्यूअर्कहून साधारण चार तासांचं थेट विमान, खिशातले डॉलर चालतात आणि कायद्याने तुम्ही अमेरिकेबाहेर पडतच नाही. मग तिकिटं निघतात आणि पुढचा प्रश्न येतो: सान हुआनमध्ये राहायचं कुठे? जुन्या शहरात, कोंदादोत की सांतुर्सेत?

तिन्ही जागा एकमेकींपासून गाडीने फार तर वीस मिनिटांवर आहेत, तेव्हा "कुठेही राहा, सगळं बघून होतं" असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. सकाळी सात वाजता खिडकी उघडल्यावर काय दिसतं आणि रात्री अकराला काय ऐकू येतं, यावर सहल ठरते. आणि या तीन वस्त्यांत ते अगदी वेगळं आहे. कारण शोधायला पाचशे वर्षं मागे जावं लागतं.

हुआन पोन्से दे लेओन याने 1508 मध्ये पहिली वसाहत केली ती आत, कापार्रा नावाच्या जागी. ती दलदलीची निघाली, म्हणून 1521 च्या सुमारास गाव उचलून खाडीच्या तोंडावरच्या एका चिंचोळ्या बेटावर आणलं. गंमत अशी की तेव्हा बेटाचं नाव होतं सान हुआन बाउतिस्ता आणि गावाचं पोर्तो रिको, म्हणजे श्रीमंत बंदर. पुढे दोन्ही नावांची अदलाबदल झाली. ते चिंचोळं बेट म्हणजे आजचं जुनं सान हुआन. त्याच्याभोवती तट उभा राहिला, आणि पुढची तीनशे वर्षं प्रश्न एकच राहिला: तटाच्या आत कोण, बाहेर कोण?

आत राहायचं म्हटलं तर काय मिळतं, ते आधी सांगतो. एल मोरो हा समुद्राकडचा किल्ला 1539 मध्ये सुरू झाला. 1595 मध्ये फ्रान्सिस ड्रेक चालून आला, त्याला तोफांनी परतवलं. तीनच वर्षांनी अर्ल ऑफ कंबरलंड शहाणपणाने जमिनीच्या बाजूने आला आणि शहर त्याच्या हाती पडलं. पण सैन्यात आमांशाची साथ पसरली आणि काही आठवड्यांतच गाशा गुंडाळावा लागला. 1625 मध्ये डचांनी शहर जाळलं, एल मोरो मात्र त्यांना घेता आला नाही. त्यानंतर 1634 मध्ये जमिनीच्या बाजूला सान क्रिस्तोबाल किल्ल्याचं काम निघालं आणि ते रेंगाळत 1783 पर्यंत चाललं. अमेरिका खंडांत स्पेनने बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला.

इथे एक आडवळण घेतो. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. म्हणजे ड्रेकच्या तोफा एल मोरोवर धडधडत होत्या तेव्हा वसई, चौल, गोवा आणि सान हुआन हे सगळे एकाच राजाच्या वहीत होते. वसईच्या तटावर लहानपणी भटकलेल्या माणसाला एल मोरोचे उतार, बुरूज, समुद्राकडे तोंड केलेल्या टेहळणीच्या चौक्या अनोळखी वाटत नाहीत, ते काही उगीच नाही. फरक एवढाच की इथे डागडुजी होते. 1983 पासून हे दोन्ही किल्ले आणि ला फोर्तालेसा जागतिक वारसा यादीत आहेत, आणि एका तिकिटात दोन्ही किल्ले बघता येतात.

ला फोर्तालेसा म्हणजे गव्हर्नरचा वाडा. सोळाव्या शतकात बांधलेला आणि आजही त्याच कामाला वापरात असलेला. 2019 च्या जुलैत याच वाड्यासमोरच्या गल्लीत लोक रात्रंदिवस जमले आणि गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांना पायउतार व्हावं लागलं. जुनं शहर हे नुसतं संग्रहालय नाही, हे मला त्या गल्लीने शिकवलं.

पण आज तिथे रंगीत घरं, लाकडी सज्जे आणि निळसर चकाकणारे रस्ते दिसतात ते आपोआप टिकलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा भाग पडका, दाटीचा, पाडून टाकण्याच्या लायकीचा समजला जात होता. मानववंशशास्त्रज्ञ रिकार्दो आलेग्रिया यांनी 1955 मध्ये स्थापन झालेल्या पोर्तो रिको संस्कृती संस्थेमार्फत एकेक घर दुरुस्त करायला लावलं. निळसर दगड म्हणतात ते खरं तर दगड नव्हेतच, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या ओतीव विटा आहेत. दिसायला सुरेख, पण पाऊस पडला की घसरड्या. आणि शहर चढावर आहे: बंदराकडून एल मोरोकडे जाणारी प्रत्येक गल्ली चढते. चाकांची बॅग, बाबागाडी आणि गुडघे दुखणारी आई, यांपैकी दोन गोष्टी बरोबर असतील तर आत मुक्काम करू नका, हे माझं स्पष्ट मत. जुन्या घरांत केलेल्या खोल्यांना लिफ्ट असेलच असं नाही, पायऱ्या मात्र खड्या असतातच.

कोंदादोत हा त्रास नाही. तिथे लिफ्ट आहे, पोर्चमध्ये गाडी थांबते, खाली उतरलं की वाळू. ही वस्तीच तशी बेतलेली. 1898 मध्ये बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि तटाबाहेरची जमीन एकदम मोलाची झाली. आदल्याच वर्षी, 1897 मध्ये, शहराला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून जमिनीकडचा तट पाडायला सुरुवात झाली होती. कोंदादोची आखणी केली बेन बंधूंनी, ज्यांनी पुढे आयटीटी ही टेलिफोन कंपनी काढली. कोंदादोला जोडणाऱ्या पुलाचं नावच 'दोस एरमानोस', दोन भाऊ. 1919 मध्ये व्हॅंडरबिल्ट कुटुंबातल्या फ्रेडरिकने इथे हॉटेल उघडलं, तेही न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्थानक ज्यांनी केलं त्या वास्तुविशारदांकडून. 1949 मध्ये खाडीपलीकडे कॅरीब हिल्टन आलं: इमारत सरकारने बांधली, चालवायला कंपनीला दिली. पर्यटन हा उद्योग म्हणून उभारायचा, हे तेव्हा सरकारचं धोरणच होतं. पिन्या कोलादा (अननस-नारळ-रमचं कॉकटेल) आपल्याकडेच 1954 मध्ये जन्मली असा या हॉटेलाचा दावा आहे. जुन्या शहरातलं एक रेस्टॉरंट भिंतीवर पाटी लावून 1963 चा दावा सांगतं. वाद मिटलेला नाही, दोन्हीकडे चाखून बघायला हरकत नाही.

कोंदादोचा मुख्य रस्ता आहे अ‍ॅशफर्ड अ‍ॅव्हेन्यू. नाव बघून कुणी हॉटेलवाला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बेली अ‍ॅशफर्ड हे लष्करी डॉक्टर: 1899 मध्ये त्यांनी इथल्या गरीब शेतमजुरांच्या पंडुरोगाचं कारण शोधलं, पायांतून शिरणारे अंकुशकृमी. अनवाणी माणसांसाठी झिजलेल्या डॉक्टरच्या नावाचा रस्ता आज महागड्या दुकानांनी भरलाय.

समुद्राबाबत मात्र एक गैरसमज काढून टाका. हॉटेलसमोर वाळू आहे म्हणजे पोहता येतं असं नाही. कोंदादोचा किनारा उघड्या अटलांटिकवर आहे, लाटा आणि पाण्याची ओढ दोन्ही जोरदार. मुलांना घेऊन डुंबायचं असेल तर एस्काम्ब्रोन गाठा. तो पुएर्ता दे तिएर्रा भागात, म्हणजे जुनं शहर आणि कोंदादो यांच्या बरोबर मधे आहे. खडकांच्या आडोशामुळे पाणी शांत. दोन्हीकडून अंतर सारखंच, त्यामुळे "समुद्रासाठी कोंदादो" हा युक्तिवाद वाटतो तेवढा पक्का नाही. कोंदादोची खाजण-तळी मात्र कयाकसाठी छान, नशीब असेल तर मॅनटी, म्हणजे समुद्रगाय दिसते.

आता सांतुर्से, ज्याचा पर्याय लोक सर्वांत शेवटी विचारात घेतात.

याचं जुनं नाव सान मातेओ दे कांग्रेहोस. कांग्रेहोस म्हणजे खेकडे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या इंग्रज-डॅनिश बेटांवरून पळून आलेल्या गुलामांना स्पेनने एका अटीवर मोकळं सोडलं: कॅथलिक व्हा आणि राजाशी इमान राखा. त्यांना जागा मिळाली ती तटाबाहेर, पूर्वेला. त्यात माया कमी, हिशोब जास्त: शत्रू जमिनीवरून आलाच तर आधी यांच्याशी गाठ पडेल. आणि तसंच झालं. 1797 मध्ये राल्फ अबरक्रॉम्बी त्रिनिदाद घेऊन इथे आला, कांग्रेहोसच्या किनाऱ्यावर उतरला आणि दोन आठवड्यांत परत फिरला. लढणाऱ्यांत कांग्रेहोसचे कृष्णवर्णीय शिबंदीवाले होते.

जुन्या शहरात या लढाईचं स्मारक आहे. ला रोगातिवा नावाचं, 1971 मधलं एक सुंदर शिल्प: बिशप आणि मशाली घेतलेल्या स्त्रिया. आख्यायिका अशी की ती मिरवणूक पाहून इंग्रजांना कुमक आल्याचा भास झाला आणि ते पळाले. शिल्पापाशी उभं राहून फोटो सगळेच काढतात. लढाई झाली ती तिथून काही मैल दूर, तटाबाहेर. माझ्या लेखी सांतुर्सेत एक तरी रात्र काढायचं हे पुरेसं कारण आहे.

एकोणिसाव्या शतकात इथून ट्राम धावू लागली, आणि ती काढणाऱ्या उबार्री नावाच्या सरदाराच्या 'काउंट ऑफ सांतुर्से' या पदवीवरून कांग्रेहोसचं सांतुर्से झालं. ट्राम 1946 मध्ये बंद पडली, तरी लोक पत्ता सांगताना अजून 'पारादा 18', 'पारादा 20' म्हणतात, म्हणजे ट्रामचे थांबे. दादर टी.टी. म्हणणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

आजच्या सांतुर्सेत दिवसा भाजीबाजार आणि रात्री नाचगाणं असलेली ला प्लासिता आहे, सेर्रा गल्लीतली भिंतभर चित्रं आहेत, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत 2000 मध्ये सुरू झालेलं पोर्तो रिको कलासंग्रहालय आहे. बेसबॉलचं वेड असेल तर कांग्रेहेरोस दे सांतुर्से हा संघ माहीत असू द्या. 1954-55 च्या मोसमात रोबेर्तो क्लेमेंते आणि विली मेज एकत्र याच संघातून खेळले. शाकाहारी माणसाला लोइसा गल्लीच्या आसपास जास्त सुख आहे. जुन्या शहरातले मोफोंगोचे गोळे (तळलेली कच्ची केळी लसणीबरोबर कुटून) ऐकायला आपले वाटतात, पण त्यात बरेचदा डुकराच्या चरबीचा कुरकुरीत तुकडा असतो, आणि राजम्यासारख्या अबिचुएलासमध्ये हॅम. 'सिन कार्ने, सिन हामोन' हे पाठ करून जा, आणि नुसतं 'कार्ने नको' म्हणून थांबू नका. हॅमला तिथे मांसात न धरणारे वाढपी आम्हाला भेटले. पिरागुआ मात्र निर्धास्त खा: बर्फाचा गोळाच तो, फक्त निमुळता.

सांतुर्सेचं वाईट काय? एक गल्ली गजबजलेली, पुढची ओसाड. रात्री उशिरा पायी न फिरता गाडी बोलवावी. शुक्रवार-शनिवारी ला प्लासिताजवळ खोली घेतलीत तर झोप विसरा. शिवाय भाड्याच्या खोल्यांमुळे जुन्या रहिवाशांची घरं महाग होत चालली आहेत, आणि भिंतींवर त्याबद्दलचा राग स्वच्छ अक्षरांत लिहिलेला दिसतो. तो राग जुन्या शहरातही आहे. तटाला लागून उत्तरेला ला पेर्ला ही वस्ती आहे, जिथे पूर्वी कत्तलखाना होता आणि ज्यांना आत घर करायची मुभा नव्हती ते राहत. 2017 च्या एका गाजलेल्या गाण्याच्या चित्रीकरणानंतर पर्यटकांची रीघ लागली. जायचं तर दिवसा, आणि लोकांच्या दारात कॅमेरा न रोखता.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर जुनं शहर बाद धरा. अरुंद गल्ल्या, पार्किंग मिळता मिळत नाही. त्रेन उर्बानो ही मेट्रो जुन्या शहरापर्यंत जातच नाही, सांतुर्सेच्या टोकाला संपते. वीज हा तिन्हीकडचा प्रश्न: 2017 च्या मारिया वादळानंतर जाळं अजून नीट सावरलेलं नाही, म्हणून खोली ठरवताना जनरेटर आहे का हे विचारा. कोंदादोच्या मोठ्या हॉटेलांत तो असतोच, जुन्या घरांत विचारावं लागतं.

तर कुणी काय घ्यावं? दोनच रात्री असतील आणि पाय धड असतील तर डोळे झाकून जुनं शहर, पण आठवड्याच्या मधल्या दिवसांत. क्रूझची गर्दी बोटीतून उतरायच्या आत, सकाळी सातला एल मोरोसमोरच्या हिरवळीवर जा. सुटीच्या दिवशी दुपारनंतर तिथेच सगळं गाव पतंग उडवत असतं. जानेवारीच्या मध्यावर सान सेबास्तियान गल्लीचा उत्सव असतो, तेव्हा गर्दीची हौस नसेल तर तारखा बदला. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर कोंदादो, किंवा त्याहून बरं म्हणजे तळ्याच्या अलीकडचं मिरामार: झाडी, जुने बंगले, शांतता. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे वेगळं काही लागत नाही, पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. तुम्हीही एच-वनवर असाल तर पासपोर्ट आणि मंजुरीचा कागद घेऊनच निघा, परतीच्या विमानतळावर विचारू शकतात. निव्वळ वाळूत लोळायचं असेल तर तिघांनाही सोडून विमानतळाजवळच्या इस्ला वेर्देला जा. ते मुळात सान हुआनमध्ये नाहीच, कारोलिना पालिकेत येतं.

चार रात्री असतील तर मी दोन आत, दोन सांतुर्सेत काढतो. बॅगा हलवायचा दिवस गुरुवार धरत नाही. त्या संध्याकाळपासूनच ला प्लासितात वाहनं अडायला लागतात.