पोवई नाक्याजवळचं फ्लेक्सचं दुकान, सातारा: प्रिंट एक नंबर, पण डिझायनरवर नजर ठेवा

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते सांगतो. शाळेत सैनिकांच्या घरच्या माणसांवर प्रदर्शन होतं, आमच्याकडं निम्म्या पोरांचे वडील नाहीतर चुलते मिलिटरीत, म्हणून सनबोर्डवर पॅनल करायला टाकले. त्यातलं एक अब्राहम लिंकनची बायको मेरी आणि धाकटा पोरगा टॅड यांच्यावर. 1861 ते 1865 तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध, वॉशिंग्टनचे दवाखाने जखमींनी भरलेले, आणि ही बाई फळं-फुलं घेऊन जायची, पोरांच्या उशाशी बसून त्यांच्या घरी पत्रं लिहून द्यायची. 1862 च्या फेब्रुवारीत तिचा स्वतःचा अकरा वर्षांचा विली गेलेला, तरी. ऑगस्ट 1864 चं एक पत्र आहे, एका सैनिकाच्या आईला लिहिलेलं, की मी तुमच्या मुलाजवळ बसलेय, आजारी होता पण आता बरा होतोय.

आता डिझायनरच्या डोक्यात काय शिरलं, तर नेत्याची बायको, दवाखाना, फळं. प्रूफ आलं ते सरळ वाढदिवसाच्या फळवाटपाचं! मधोमध मेरीबाई, वर गोलात लिंकन, टॅडच्या खाली "युवा नेते", आणि जखमी सैनिक पोस्टाच्या तिकिटाएवढे. स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. बिचाऱ्याचा तरी काय दोष म्हणा, रोज तेच छापतोय. पण गंमत अशी की बाई नेमकी उलट वागायची, दवाखान्यात जाताना सोबत फारसं कुणाला न्यायचीच नाही. लिंकनचा सेक्रेटरी स्टॉडर्ड लिहून गेलाय की हुशार असती तर दोन-चार पेपरवाले बरोबर नेले असते, कारण तेव्हाचे पेपर तिच्यावर तुटून पडलेले.

मालकांना हे सांगितलं तर त्यांनी स्वतः बसून सगळं काढून टाकलं, पत्राचा मजकूर मोठा केला आणि मार्च 1865 मध्ये तिघं व्हर्जिनियातल्या सिटी पॉइंटच्या लष्करी छावणीला गेलेले, जिथल्या दवाखान्यात एप्रिलमध्ये लिंकननी जखमींशी हात मिळवले, ते खाली घेतलं. जादाचे पैसे नाही लावले.

प्रिंट खरंच भारी, जुने काळे-पांढरे फोटो मोठे करूनही जराही फाटले नाहीत, म्हणजे धुरकट दिसत नाहीत, मॅट लॅमिनेशनमुळं ट्यूबलाइट चमकत नाही. डिलिव्हरी उशिरा, फोन उचलत नाहीत. मॅटर टाइप करूनच न्या, आणि प्रूफ व्हॉट्सॅपवर बघून ओके करू नका, दुकानात जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघा.