मोटारसायकलचा विमा किती घ्यावा: पिथमपूरच्या रस्त्यावरचा वापरानंतरचा अनुभव

इंदुरातल्या सुदामा नगरातून राऊमार्गे पिथमपूरच्या कारखान्यापर्यंत रोज मोटारसायकलने जाणाऱ्या माणसाला विम्याचा विचार केवळ पोलिसाला दाखवायच्या कागदापुरता करून चालत नाही. माझी गाडी १६० सीसी गटातली आहे. तिला वर्ष पूर्ण झाले तेव्हा ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे कवच संपले. थर्ड पार्टीचे पैसे मात्र खरेदीच्या वेळीच पाच वर्षांसाठी भरलेले होते. त्या वेळी नव्याने जे कवच निवडले, त्याचा आता बरेच महिने वापर झाला आहे, मधल्या काळात एक क्लेम होऊन गेला आहे आणि पुढचे नूतनीकरण तोंडावर आले आहे. त्यातल्या कोणत्या भागाचे पैसे सत्कारणी लागले आणि कोणता भाग नुसताच कागदावर राहिला, ते येथे सविस्तर मांडतो.

पाच वर्षांचे थर्ड पार्टी कवच एकदम घेणे ही विक्रेत्याची युक्ती नव्हे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी ते सक्तीचे आहे. त्याचा दर सरकार ठरवते, त्यामुळे कोणत्याही कंपनीकडून घेतले तरी मूळ रक्कम तीच राहते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला १,३६६ रुपये पडतात. नव्या गाडीला पाच वर्षांचे अनुक्रमे ३,८५१ आणि ७,३६५. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पल्सर १५० चे इंजिन १४९.५ सीसीचे असल्यामुळे ती खालच्या गटात बसते आणि १६० सीसीची कोणतीही गाडी वरच्या गटात जाते; दहा सीसींच्या फरकाने हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. शोरूममध्ये मायलेज आणि पिकअपची चर्चा तासभर चालते, हा फरक मात्र कोणी सांगत नाही.

थर्ड पार्टीतून दुसऱ्याच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई दिली जाते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीच्या बाबतीत एक लाख रुपयांची मर्यादा आहे. आपली गाडी मोडली, जळली, वाहून गेली किंवा चोरीला गेली तर या भागातून एक रुपयाही मिळत नाही. कायद्याला एवढेच पुरते आणि विमा नसताना पकडले गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजचे कवच स्वतंत्रपणे, हव्या त्या कंपनीकडून घेता येते. खरी निवड असते ती इथेच, कारण या भागाचा दर कंपनीगणिक बदलतो.

ओन डॅमेज घेताना पहिला आकडा समोर येतो तो आयडीव्हीचा, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर जास्तीत जास्त मिळणाऱ्या रकमेचा. ठरलेल्या घसाऱ्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के वजा होतात. माझ्या गाडीची शोरूमची किंमत १,२०,००० धरली तर दुसऱ्या वर्षासाठी हा आकडा ९६,००० येतो. ऑनलाइन नूतनीकरण करताना तो खाली ओढून हप्ता कमी करण्याची सोय असते आणि अनेक जण तिचा लाभ घेतात. मी हिशेब करून पाहिला: पंधरा हजारांनी आकडा उतरवला तर हप्त्यात जेमतेम दीडशे रुपये वाचत होते. मुळात दुचाकीचा ओन डॅमेजचा हप्ताच लहान असतो, त्यात इंदूरची नोंदणी जुन्या दरपत्रकाच्या ‘ब’ विभागात येते (पुण्यामुंबईची ‘अ’ मध्ये), त्यामुळे इथे आकडा कमी करून हाती काही लागत नाही. छोट्या दुरुस्तीच्या क्लेममध्ये आयडीव्हीचा सहसा संबंध येत नाही. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच गाडी संपूर्ण नुकसान झालेली धरली जाते.

क्लेमचा प्रसंग पावसाळ्यातला. राऊच्या पुढे ट्रकमधून सांडलेली खडी रस्त्यावर पसरली होती, तिच्यावरून पुढचे चाक सरकले आणि गाडी डाव्या अंगावर पडून थोडी फरफटली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही आणि दुसरे कोणी यात सापडले नाही, त्यामुळे पोलिसांत जाण्याचे काम पडले नाही. जागेवरच फोटो काढले, दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी कंपनीला फोनवर कळवले आणि गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, आला. त्याची तपासणी पाहण्यासारखी होती. चेसिस क्रमांक आणि मीटरचे आकडे टिपून झाल्यावर तो उकिडवा बसला आणि साइड पॅनेलच्या प्रत्येक ओरखड्यावरून त्याने अंगठ्याचे नख फिरवले. ताज्या ओरखड्याची कड नखाला लागते आणि आतले प्लास्टिक पांढुरके दिसते. जुन्या ओरखड्यात मळ बसून कड गुळगुळीत झालेली असते. एका ओरखड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ये तो पुराना है, भिया.” ते खरेच होते, बाजारातल्या पार्किंगची ती खूण होती. पॅनेल यादीतून गेले.

उरलेल्या यादीत हेडलाइटचे युनिट, वायझर, पुढचे मडगार्ड आणि इंडिकेटर असे प्लास्टिकचे सामान सुमारे ५,८०० रुपयांचे. हँडल आणि फूटरेस्ट असे धातूचे सुमारे २,४०० चे. आणि मजुरी बाराशेच्या आसपास. एकूण बिल ९,४०० च्या घरात. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकवच, उपयोगी पडते ते नेमके या ठिकाणी. ते नसते तर प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के कापले जातात, मग गाडी महिन्याभराची असो की चार वर्षांची. धातूवरची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जाते आणि दुसऱ्या वर्षात ती १० टक्के असते. म्हणजे माझ्या खिशातून २,९०० अधिक २४० असे ३,१४० रुपये गेले असते. या जोडकवचासाठी मी वर्षाला चारशेच्या जवळपास भरले होते. आजच्या मोटारसायकली समोरून बघितल्या तर टाकी सोडून हाताला लागते ते बहुतेक प्लास्टिकच. अशा गाडीला पहिली चार-पाच वर्षे झीरो डेपशिवाय ओन डॅमेज घेणे मला अर्धवट वाटते. अट एकच लक्षात ठेवावी, की अनेक कंपन्या वर्षात दोनच क्लेमना ही सवलत देतात.

प्रत्यक्षात मला सक्तीच्या वजावटीचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच भरायचे, १०० रुपये, नटबोल्ट, तेल, ग्रीस अशा किरकोळ वस्तूंचे अडीचशेच्या आसपास आणि लेग गार्डचे पूर्ण पैसे भरावे लागले. लेग गार्डबद्दल जरा नाराजी आहे. ते डीलरने गाडी देताना वेगळे बिल करून बसवले होते आणि कंपनीच्या मूळ सामानात मोडत नसल्यामुळे पॉलिसीत त्याची नोंद हवी होती. ती करायची असते, असे ना डीलर बोलला ना कंपनीच्या फोनवरचा माणूस. गाडी पडल्यावर पहिला मार ज्या नळीवर बसतो तीच विम्याबाहेर राहावी, हा प्रकार अजबच म्हणायचा.

आता नो क्लेम बोनसबद्दल, म्हणजे क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीबद्दल, कारण सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळला. क्लेम करू नका, बोनस जाईल, असा सल्ला मला कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी दिला. एकही क्लेम न करता वर्षे गेली तर हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो आणि एक क्लेम झाला की शून्यावर येतो, हे खरे आहे. परंतु तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. चारचाकीत हा हप्ता मोठा असल्यामुळे तिथे हा सल्ला शहाणपणाचा ठरतो. मोटारसायकलला तोच लावला की हिशेब चुकतो. माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता आठशेच्या आसपास आहे. क्लेममुळे पुढच्या नूतनीकरणाला २५ टक्क्यांऐवजी शून्य मिळेल, त्यानंतर ३५ ऐवजी २०, मग ४५ ऐवजी २५, ५० ऐवजी ३५ आणि शेवटी ५० ऐवजी ४५. या सगळ्या फरकांची बेरीज ८० टक्के होते, म्हणजे पाच वर्षांत मिळून सुमारे ६४० रुपये, आणि आयडीव्ही दर वर्षी उतरत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. एवढ्यासाठी नऊ हजारांचे बिल स्वतः भरणे कोणत्याही गणितात बसत नाही. एका इंडिकेटरसाठी क्लेम करू नये हे ठीक. पण दुचाकीच्या बाबतीत दीड-दोन हजारांच्या वरचे काम असेल तर क्लेम टाळण्याचे कारण मला दिसत नाही. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे जुनी विकून नवी घेतली तरी तो बरोबर नेता येतो. मात्र मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर तो बुडतो.

गाडीपेक्षा माणसाकडे वळलो, तेव्हा या कवचातली सर्वात महत्त्वाची त्रुटी दिसली, आणि आपल्याकडच्या घरांत ती फार पसरलेली आहे. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. १ जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रही घेता येतो आणि एवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा आधीच असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही. पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठीच असतो, तोही तो स्वतः वैध परवान्यानिशी चालवत असताना. गाडी वडिलांच्या नावावर, कर्जाचे हप्ते मोठ्या भावाचे आणि चालवणार धाकटा, ही व्यवस्था माझ्या गल्लीतच चार घरांत सापडेल. तिथे रोज रस्त्यावर असणाऱ्या मुलाला या १५ लाखांचे संरक्षण शून्य. शिवाय ही रक्कम मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण आणि एक गेल्यास निम्मी मिळते; पाय मोडून महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलात तर दवाखान्याचे बिल यातून निघत नाही, त्यासाठी आरोग्य विमाच हवा.

मागे बसणाऱ्याचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीच्या मागे बसलेली व्यक्ती धरली जात नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घेतली होती. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॉलिसीत, मात्र तिच्याबद्दलचे दायित्व येते, असे विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट केले. रविवारी बायकोला मागे बसवून राजवाड्यापर्यंत जाणाऱ्याने हा फरक समजून घेतलेला बरा. त्याखेरीज मागे बसणाऱ्यासाठी वेगळे अपघात कवच थोड्या पैशांत मिळते, पण दुचाकीत त्याची मर्यादा एक लाखाची आहे.

बाकीच्या जोडकवचांबद्दल थोडक्यात. रोडसाइड असिस्टन्सचा, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीचा, मला उपयोग झाला नाही. राऊ ते पिथमपूर या पट्ट्यात पंक्चरवाला आणि मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असतात. इंजिन प्रोटेक्शन मी घेतले नव्हते आणि घेणारही नाही, कारण माझ्या रस्त्यावर इंजिनात जाईल इतके पाणी साचत नाही. सखल वस्तीतल्या स्कूटरवाल्याने मात्र त्याचा विचार करावा, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन गेले तर साधी पॉलिसी हात वर करते. रिटर्न टू इन्व्हॉइस, म्हणजे गाडी गेल्यास आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची रक्कम देणारे जोडकवच, हे चोरीच्या भीतीसाठी पहिल्या दोन वर्षांत ठीक. चोरीच्या क्लेमसाठी एफआयआर, गाडी न सापडल्याचा पोलिसांचा अहवाल आणि दोन्ही किल्ल्या द्याव्या लागतात, म्हणून दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच पाहून ठेवावे.

या नूतनीकरणाला मी ओन डॅमेज आणि झीरो डेप कायम ठेवतो आहे, आयडीव्ही तिसऱ्या वर्षाची पूर्ण ८४,००० ची, रोडसाइड असिस्टन्स काढून टाकतो आहे, लेग गार्ड नोंदवतो आहे आणि मागे बसणाऱ्याचे एक लाखाचे कवच जोडतो आहे. घरात वडिलांची २०१२ ची स्प्लेंडरही आहे. ती बाजारात विकायला काढली तर जे येईल त्यात ओन डॅमेजचा हप्ता आणि वयानुसार वाढलेल्या कपाती परवडत नाहीत, म्हणून तिला जीएसटीसकट ८४३ रुपयांचे थर्ड पार्टी आणि वडिलांच्या नावाचा अपघात विमा एवढेच घेतले आहे. ती ते स्वतःच चालवतात, भाजी आणायला आणि संध्याकाळी अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत.