डेलिकेट की लँडस्केप? नागपूरकरांनी कोणती कमान बघावी

लेकाकडे अमेरिकेला गेलं की युटातलं आर्चेस उद्यान यादीत येतंच. वेळ कमी असेल, तर तिथल्या दोन हजारांवर नैसर्गिक दगडी कमानींपैकी कोणती बघायची?

डेलिकेट आर्च फोटोतली. जाऊन-येऊन 4.8 किलोमीटर, उघड्या खडकावरून चढ, सावली शून्य. 'आम्ही नवतपा काढलेली माणसं' हा तोरा इथे चालत नाही. मे महिन्यात भर दुपारी रामटेकच्या पायऱ्या कोण चढतं? पहाटे निघा, डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी भरपूर घ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खालून, लांबून बघायची सोय आहे. पण त्यात मजा नाही.

लँडस्केप आर्चची वाट बरीचशी सपाट, आई-बाबांना झेपणारी. जवळजवळ 90 मीटर लांब आणि मधे इतकी बारीक, की अजून उभी कशी याचंच नवल. पाणी आणि बर्फानं वालुकाश्म कण-कण सुटतो, त्यातूनच कमान घडते आणि त्यानंच झिजते. 1991 साली तिचा सुमारे 18 मीटर लांबीचा तुकडा पर्यटकांसमोर कोसळला. तेव्हापासून खालून जाणारी वाट बंद आहे.

मला विचाराल तर लँडस्केपच. डेलिकेट उद्याही बहुधा असेल, हिचा भरवसा नाही.