गाँगचा ‘गाझोझ!’: अ‍ॅलन होल्ड्सवर्थसाठी घेतलेल्या अल्बमचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

ऑर्डर होती गाँग या जॅझ-रॉक बँडच्या ‘एक्स्प्रेसो टू’ या अल्बमची, गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थ ऐकण्यासाठी. पाकिटातून निघाली अमेरिकी छपाईची ‘एक्स्प्रेसो’. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याचं म्हणणं असं, की बँड तोच आहे, नावही तेच आहे, मग बदलून कशाला द्यायची? ही ‘एक्स्प्रेसो’ म्हणजे घरात आधीच असलेला ‘गाझोझ!’च, फक्त उत्तर अमेरिकेत वेगळ्या नावाने विकलेला, हे सांगून उपयोग झाला नाही. एकाच अल्बमचे दोनदा पैसे गेले. हा घोळ दुसऱ्या कुणाच्या खिशाला लागू नये म्हणून आधी तेवढंच सांगतो, संगीताकडे नंतर वळू.

१९७६ साली व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या ‘गाझोझ!’मध्ये सहा रचना आहेत. पहिली ‘एक्स्प्रेसो’, शेवटची ‘मिरेय’. अमेरिकेत या पहिल्या रचनेचंच नाव अख्ख्या अल्बमला दिलं. १९७८चा अल्बम मग सगळीकडेच ‘एक्स्प्रेसो टू’ म्हणून आला आणि युरोपातले लोक जो पहिला भाग त्यांच्याकडे त्या नावाने कधी निघालाच नव्हता तो शोधत बसले. त्यानंतरचं काम ‘पिएर मोर्लेन्स गाँग’ या नावाखाली सापडतं, म्हणजे दुकानात खण बदलतो. खरेदीआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि फक्त शेवटची रचना वाचा. ‘मिरेय’ असेल तर तो ‘गाझोझ!’, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो. ‘थ्री ब्लाइंड माइस’ असेल तर तो ‘एक्स्प्रेसो टू’.

नावाचा घोळ एकवेळ चालेल. श्रेयाचा घोळ जास्त चीड आणतो. स्ट्रीमिंगवर होल्ड्सवर्थच्या नावाने शोधलं की त्याचे स्वतःचे अल्बम येतात. हा येत नाही, कारण तो गाँगच्या खात्यावर आहे. अल्बम उघडला तरी कोण काय वाजवतंय ते कळत नाही. कव्हरवर होल्ड्सवर्थपुढे इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक गिटार, शिवाय व्हायोलिन आणि पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) असं छापलं आहे. ही एक ओळ फायलीसोबत आली नाही, तर नवा श्रोता एखादा लांबलेला सूर सॅक्सोफोनचा समजून पुढे जाणार. पाहुण्या कलाकाराचं काम ऐकायचं तर पाहुणा कुठे आहे हे आधी कळायला हवं. सीडी घेण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे, आवाजाचा दर्जा त्यानंतर.

आता पैशांचा हिशेब. अल्बम साधारण ४० मिनिटांचा. त्यातली १० मिनिटं ‘पर्कोलेशन्स’ची, आणि तिथे गिटार शोधू नये. पहिल्या भागात व्हायब्राफोन-मरिंबा (काठीने पट्ट्यांवर वाजवायची सुरांची वाद्यं), दुसऱ्यात ड्रम. होल्ड्सवर्थसाठी घेणाऱ्याला चौथा हिस्सा वाया गेल्यासारखं वाटतं, आणि सुरुवातीचं माझं मतही तेच होतं: पहिल्या बाजूवर दोन रचना ऐका आणि रेकॉर्ड उलटा.

ते मत आता राहिलेलं नाही. कारण ‘पर्कोलेशन्स’ नीट ऐकल्यावरच कळतं की या बँडमध्ये गिटारला एवढी मोकळी जागा मिळाली कशी. पिएर मोर्लेन हा स्ट्रासबर्गला शास्त्रशुद्ध तालवाद्यं शिकलेला ड्रमर. डेव्हिड अ‍ॅलन आणि स्टीव्ह हिलेज गेल्यावर त्याने गाँग जवळपास तालवाद्यांचाच ताफा करून टाकला: स्वतः, भाऊ बन्वा मोर्लेन, मिरेय बाउअर आणि मिनो सिनेलू. बेसवर मॅग्मा या फ्रेंच बँडमधून आलेला फ्रान्सिस मोझ. जुन्या गाँगमधला दिदिए मालेर्ब सॅक्सोफोन आणि बासरीवर. कीबोर्डसाठी वेगळा माणूस नाही, ऱ्हिदम गिटारसाठीही नाही. प्रोग (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडमध्ये आवाजाचा मधला पट्टा, ना खर्जाचा ना टिपेचा, एरवी ऑर्गन, सिंथ आणि जाड कॉर्ड यांनी भरलेला असतो. इथे तो रिकामा आहे.

मरिंबाचा सूर म्हणजे आघात आणि लगेच विझणं. व्हायब्राफोन थोडा रेंगाळतो, पण त्याचीही सुरुवात टोकदारच. होल्ड्सवर्थची गिटार याच्या अगदी उलट आहे, तिच्यात आघात जवळपास नाही, सगळी आस, म्हणजे लांबत जाणारा नाद. त्याला मुळात सॅक्सोफोन हवा होता, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन हा त्याचा आदर्श, आणि गिटारच्या सुरावरची पिकची (तार छेडायच्या चकतीची) टिचकी त्याला नकोशी होती. सगळा बँड ठोके देतोय आणि हा एकटा श्वास लांबवतोय, त्यामुळे ‘एक्स्प्रेसो’मध्ये गिटार आवाजाने मोठी नसूनही पुढे येते. ‘पर्कोलेशन्स’ची दहा मिनिटं ऐकून लगेच ‘शॅडोज ऑफ’ लावा. पहिल्या लांब सुरालाच फरक कळतो. आता मी ती १० मिनिटं वगळत नाही.

याच्यासमोर प्लॅनेट एक्स या बँडचा २००७चा अल्बम ‘क्वांटम’ ठेवा. तिथे होल्ड्सवर्थ खरोखर पाहुणा आहे, ‘डेझर्ट गर्ल’ आणि ‘द थिंकिंग स्टोन’ या दोनच रचनांत. बाकी गिटार ब्रेट गार्सेडची, म्हणजे लिगाटोतला (सूर न तोडता जोडून वाजवण्यातला) आणखी एक पट्टीचा वादक. त्यात डेरेक शेरिनियन कीबोर्डला विकृत स्वर देऊन त्यावरच्या चाकाने (व्हीलने) सूर ओढतो, गिटारसारखाच. एकाच पट्ट्यात तिघं. ओळखायला तीन गोष्टी धराव्यात. कीबोर्डच्या ओढलेल्या सुराची सुरुवात पक्की, एकसारखी असते. गार्सेड पिकबरोबर बोटंही वापरतो, त्यामुळे एका तारेवरून दुसऱ्या तारेवर उडी मारतो तिथे सूर टपकन उमटतो. होल्ड्सवर्थच्या उडीतही ती टोकदार कड नसते, आणि त्याचे पल्ले एवढे रुंद असतात की ओळ पुढे कुठे जाणार याचा अंदाज लागत नाही. वादक म्हणून तो ‘क्वांटम’मध्ये काही कमी नाही. पण ड्रम आणि जाड रिफांच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या ओळींच्या) त्या दाटीत त्याच्या सुराची शेपटी ऐकू येण्याआधीच झाकली जाते. केवळ त्याच्यासाठी पूर्ण ‘क्वांटम’ विकत घेऊ नये, त्या दोन रचना सुट्या मिळाल्या तर तेवढ्याच घ्याव्यात.

‘गाझोझ!’मध्ये त्याची भूमिका सोलो वाजवून निघून जाणाऱ्याची नाही. ‘नाइट इल्युजन’ आणि ‘शॅडोज ऑफ’ या दोन रचना त्याच्याच आहेत. हे महत्त्वाचं का, तर त्याच १९७६ साली सीटीआय कंपनीने ‘व्हेल्व्हेट डार्कनेस’ नावाचा अल्बम त्याच्या नावाने काढला. त्यात तालमीची रेकॉर्डिंग त्याच्या संमतीशिवाय वापरली होती, आणि तो अल्बम त्याने कायम नाकारला. स्वतःच्या नावावर जे झालं नाही ते दुसऱ्यांच्या घरी झालं: त्याच्या रचना, पूर्ण तयारीचा बँड, ऑक्सफर्डशायरमधला मॅनर स्टुडिओ, आणि निर्मितीला डेनिस मॅके. त्या काळातला होल्ड्सवर्थ रचनाकार म्हणून ऐकायचा असेल तर मी ‘व्हेल्व्हेट डार्कनेस’वर पैसे घालणार नाही, इथेच घालीन.

‘नाइट इल्युजन’ पावणेचार मिनिटांच्या आतबाहेर, रिफवर उभी, अल्बममधली सर्वांत रॉक अंगाची. ‘शॅडोज ऑफ’ जवळपास आठ मिनिटांची आणि माझ्या लेखी पैसे इथे वसूल होतात. मालेर्बची बासरी इथे गिटारची खरी जोडीदार आहे, कारण या ताफ्यात फुंकरीची वाद्यं सोडली तर सूर धरून ठेवणारं दुसरं कोणी नाही. ‘एस्नुरिया’ फंकच्या चालीची. तालवाद्यं मजेदार, पण आठ मिनिटं जास्त होतात.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. लिगाटो म्हटलं की हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून सूर काढणं) आणि पुल-ऑफ (बोट ओढून सोडत सूर काढणं) शिकवतात. होल्ड्सवर्थ पुल-ऑफ टाळायचा. उतरताना तो बोट तारेला ओढून सोडत नसे, सरळ वर उचलत असे, आणि खालचं बोट आपला सूर आधीच दाबून धरलेलं असे. कारण साधं आहे: ओढल्याने तार आडवी सरकते, सूर क्षणभर चढतो आणि ‘म्याँव’सारखा आवाज येतो. सरावाला सातव्या फ्रेटच्या वर सुरुवात करा, एका तारेवर तीन सूर, नंतर चार. पिक फक्त तारेच्या पहिल्या सुराला आणि तोही हलका. मेट्रोनोम ६०वर, ठोक्याला दोन सूर. पहिल्या फ्रेटपाशी चार सुरांचा ताण घेतलात तर मनगट दुखणार, कारण खाली फ्रेट रुंद असतात. अ‍ॅम्पचा गेन कमी ठेवा. जास्त गेनमध्ये सगळे सूर सारखेच मोठे होतात आणि कुठलं बोट कमी पडतंय ते कळत नाही. क्लीन आवाजावर रेकॉर्ड करून ऐकलं की करंगळीची कमजोरी लगेच उघडी पडते.

गिटारच्या ओळी ऐकून उतरवून घेताना सूर कायम ठेवून वेग ६० ते ७० टक्क्यांवर आणा. ५०च्या खाली जाऊ नका. सॉफ्टवेअर तिथे प्रत्येक सुराची सुरुवात पसरवतं, आणि होल्ड्सवर्थमध्ये ऐकायची असते ती नेमकी सुरुवातच. सगळं खोटं गुळगुळीत वाटायला लागतं आणि पिक कुठे लागली ते ठरवता येत नाही. २०० हर्ट्झच्या खालचं कापलं की बेस आणि बासड्रम मागे जातात. व्हायब्राफोन मात्र गिटारच्याच उंचीवर असतो, तो कापता येत नाही. जिथे दोघं एकच ओळ वाजवतात तिथे आधी व्हायब्राफोनची ओळ लिहा. त्याचे सूर सुटे आणि स्वच्छ असतात, त्यावरून गिटारची ओळ पडताळता येते.

जुनी एलपी घेणार असाल तर शेवटची ‘मिरेय’ वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ही मोझची चार मिनिटांची शांत रचना आहे, होल्ड्सवर्थ अकूस्टिक गिटारवर. पण ती दुसऱ्या बाजूच्या अगदी आतल्या खोबणीत येते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खोबण सरकते, आत येईपर्यंत ती निम्म्याच्या आसपास उतरते. तेवढ्याच आवाजाला कमी जागा मिळाली की उंच सूर आधी फाटतात, आणि संगीत शांत असल्यामुळे खरखर झाकायला काही नसतं. ‘एक्स्प्रेसो’ खणखणीत वाजली म्हणून रेकॉर्ड चांगली असं समजू नका, तिथे ड्रम सगळे ओरखडे झाकतात. कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या भागाचं) कोनमापन जुळवलेलं नसेल तरी ‘मिरेय’च आधी सांगते. अमेरिकी ‘एक्स्प्रेसो’च्या प्रतीवर हीच रचना फाटलेली निघाली, त्यामुळे तो दुसरा खर्च बदली प्रत म्हणूनही कामी आला नाही.

पुढे काय घ्यायचं? ‘एक्स्प्रेसो टू’ स्वस्तात मिळाली तर घ्या, पण त्यात गिटारवादक अनेक आहेत. ‘हेवी ट्यून’वरची लीड मिक टेलरची आहे, होल्ड्सवर्थची नाही, आणि बॉन लोझागाही आहे. पाहुण्याचं मोठं काम हवं असेल तर ती दुसऱ्या क्रमांकावर. यू.के. या बँडचा १९७८चा पहिला अल्बम आणि सॉफ्ट मशीन या बँडचा १९७५चा ‘बंडल्स’ यांत तो बँडचा सदस्य होता, पाहुणा नव्हे, पण तुलनेसाठी दोन्ही हवेतच. यू.के.च्या ‘इन द डेड ऑफ नाइट’मधल्या सात मात्रांच्या चालीवरचा सोलो ‘शॅडोज ऑफ’नंतर लगेच ऐका. यू.के.च्या वेळेपर्यंत त्याने गिब्सन एसजी ही गिटार सोडून स्ट्रॅटोकास्टर धरली होती आणि सूर गिटारवरच्या बारने (तारांचा ताण बदलणाऱ्या दांडीने) वाकवायला लागला होता.

सध्याची व्यवस्था अशी: घरी ऐकायला आणि श्रेय वाचायला सीडी, उतरवून घ्यायला तिच्यावरून काढलेली फाइल. स्ट्रीमिंगवर कव्हरवरची ती ओळ येत नाही तोवर या अल्बमसाठी तिथे ऐकण्याची शिफारस करणार नाही.