बोट कापलं: घरी पट्टी की दवाखान्यात टाके?

द्राक्षछाटणीच्या दिवसांत तासगाव पट्ट्यात डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या दिसणारच. उजव्या हातात कात्री, डाव्या हातात काडी, नजर हलली की गेलं बोट. मग घरी बांधायचं की गाडी काढायची? बहुतेक जण रक्त बघून ठरवतात, आणि तिथंच फसतात. डोक्याची जखम एवढीशी असली तरी भळाभळा वाहते. अनवाणी पायात खिळा घुसला तर जेमतेम दोन थेंब येतात. पण घाण खोल जाते आणि ती धुताही येत नाही. माझ्या मते खिळेवाल्यानं आधी दवाखाना गाठावा.

काहीही असो, आधी स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं सलग दाबा. थांबलं का म्हणून मध्येच उघडून बघू नका. मग नळाखाली भरपूर धुवा. पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं, सलाइन शोधत बसायला नको. आता कडा बघा. खरचटलं असेल, किंवा चीर उथळ असून कडा आपोआप मिटत असतील, तर घरची पट्टी पुरे. कडा तोंड उघडून बसल्या, आत पिवळी चरबी दिसली, सांध्यावर कापलं किंवा रक्त थांबेचना, तर टाके लागतील असं धरूनच निघा. बोट नीट वाकत नसेल किंवा टोक बधिर झालं असेल, तर जखम केवढीही असो, घरी थांबू नका. आत संवेदना नेणारी नस (रक्ताची नव्हे) किंवा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटलेली असू शकते.

दवाखान्यातही टाके हा एकच मार्ग नाही. छोट्या, सरळ, कोरड्या चिरेला चिकटपट्ट्या किंवा जखमेचा खास ग्लू चालतो. सुई नाही, टाके काढायला परत जाणं नाही. लहान मुलाच्या कपाळाला तर उत्तमच. हा ग्लू पाच-दहा दिवसांत आपोआप निघतो, त्यावर मलम मात्र लावायचं नाही. (घरातला फेविक्विक म्हणजे तो नव्हे.) पण शेतात राबणाऱ्या हाताला, बोटाच्या पेरावर, मी टाकेच घ्या म्हणेन. घाम आणि ताण यांत बाकीचं टिकत नाही. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांत निघतात, सांध्यावरचे दहा ते चौदा.

हळदीच्या सांगलीत हे बोलायचं म्हणजे धाडसच, पण उघड्या जखमेत डब्यातली हळद कोंबू नका. ती निर्जंतुक नसते, कडा झाकते, आणि टाक्यांआधी डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. भोवतीच्या कातडीला बेटाडीन लावून वर पट्टी, एवढं पुरतं. खपली धरावी म्हणून जखम उघडी ठेवायचीही गरज नाही. झाकलेली, किंचित ओलसर जखम लवकर भरते.

कुत्रं चावलं तर घर की दवाखाना ही निवडच नाही. साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस घ्यायला थेट निघा. कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कृष्णेच्या पुराच्या पाण्यात पायाला चीर पडली, तर लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) भीतीनं तीही डॉक्टरांना दाखवलेली बरी. मधुमेह्याच्या पायाची जखम तर कितीही छोटी असो, दाखवाच.

धनुर्वाताचं इंजेक्शन गंजामुळे नव्हे, माती-शेणामुळे लागतं. आधीचे डोस पूर्ण असतील तर मळक्या जखमेला शेवटच्या डोसानंतर पाच वर्षं उलटल्यावर, स्वच्छ जखमेला दहा वर्षांनंतर. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसंच सांगा.